व्हॅलेटाला (माल्टा) अर्धाच दिवस देताय? जरा थांबा, तटाच्या आत मुक्काम करा

निळाई

माल्टाला जाणाऱ्यांचे बेत हल्ली इथे वरचेवर वाचायला मिळतात. त्यात ब्लू लगून असतं, गोझो बेट असतं, शेजारच्या स्लीमा गावातलं हॉटेल असतं आणि राजधानी व्हॅलेटापुढे 'अर्धा दिवस' लिहिलेलं असतं. प्रत्येक वेळी वाचून हळहळ वाटते, म्हणून हा धागा. माझं सांगणं एवढंच आहे: राहायचं तर व्हॅलेटाच्या तटाच्या आत राहा, किमान दोन रात्री तरी. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात क्रूझवरून उतरलेली माणसं रिपब्लिक स्ट्रीट भरून टाकतात. ती परत गेली की उरतं ते खरं शहर, आणि अर्ध्या दिवसाच्या पाहुण्याला नेमकं तेच दिसत नाही.

शहर अगदी छोटं आहे. सिटी गेटमधून आत शिरून सरळ चालत राहिलं तर वीसेक मिनिटांत दुसऱ्या टोकाच्या सेंट एल्मो किल्ल्यापाशी पोचतो. क्षेत्रफळ एक चौरस किलोमीटरसुद्धा नाही. १९८० साली युनेस्कोच्या यादीत गेलं तेव्हा ५५ हेक्टरांत ३२० स्मारकं मोजली गेली. दोन्ही बाजूंना बंदरं आहेत, एकीकडे ग्रँड हार्बर, दुसरीकडे मारसामशेट, आणि मधल्या डोंगरधारेवर ही राजधानी.

ही धार १५६५ पर्यंत जवळजवळ उजाड होती. सेंट जॉनचे नाइट्स म्हणजे लढवय्या ख्रिस्ती धर्मसंघ. त्यांना ऑटोमन सुलतान सुलेमानाने १५२२ मध्ये ऱ्होड्सवरून हुसकावलं. १५३० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने त्यांना माल्टा दिलं, वर्षाला एक ससाणा एवढ्या खंडणीवर. ते पलीकडच्या काठावर बिरगूला राहिले. १५६५ च्या मे महिन्यात ऑटोमन आरमार आलं आणि सप्टेंबरपर्यंत वेढा चालला. वेढा उठला तेव्हा नाइट्सचा प्रमुख, ग्रँड मास्टर ला व्हॅलेट, सत्तरीच्या घरात होता. ज्या धारेवर तोफा चढवून शत्रूने आपल्याला भाजून काढलं तिथेच शहर बांधायचं, असं त्याने ठरवलं. २८ मार्च १५६६ ला पायाभरणी झाली. पोपने आपला लष्करी स्थापत्यकार फ्रान्चेस्को लापारेल्ली पाठवला. पुढे तो क्रीटमध्ये प्लेगने गेला आणि काम जिरोलामो कासार या माल्टीज माणसाने पुरं केलं. १५७१ मध्ये नाइट्स बिरगू सोडून इथे राहायला आले. ला व्हॅलेट मात्र १५६८ मध्येच वारला होता.

हे सगळं आधी सांगायचं कारण असं की हा इतिहास ठाऊक असला की रस्ते बोलायला लागतात. रस्ते काटकोनात आणि सरळ आहेत, समुद्राचा वारा आरपार यावा म्हणून. डोंगर छाटून सपाट करायचा बेत होता, पण तुर्क पुन्हा येतील या धास्तीने घाई झाली आणि तो अर्धवट राहिला. म्हणून रस्ते उतारावर आले की त्यांच्या पायऱ्या होतात आणि टोकाला समुद्राची निळी चौकट दिसते. घर बांधणाऱ्यांना नियम होते. कोपऱ्यावरच्या घराने कोपरा सजवायचा, आणि तिथे आज संतांचे कोनाडे दिसतात. प्रत्येक घराखाली पाण्याचं टाकं हवं. या बेटावर एकही नदी नाही. घरासाठी दगड तिथेच खोदायचा, त्याने भिंती उभ्या करायच्या आणि खड्डा राहील त्यात पावसाचं पाणी साठवायचं. कासा रोक्का पिक्कोला या जुन्या वाड्यात असं टाकं बघता येतं. दुसऱ्या महायुद्धात त्याचा बॉम्बपासून लपायला आसरा झाला. वाडा आजही राहता आहे आणि आतली मंडळी फिरवून दाखवतात. व्हॅलेटातली माझी सगळ्यात आवडती जागा तीच. १६१५ मध्ये विन्याकूर नावाच्या ग्रँड मास्टरने बेटावरच्याच रबात गावाकडच्या उंचावरून कालवा आणला तेव्हा कुठे शहरात वाहतं पाणी आलं.

संध्याकाळी मर्चंट्स स्ट्रीटच्या खालच्या भागात, सेंट एल्मोच्या बाजूला फिरा. पिवळा चुनखडीचा दगड उन्हाने मधासारखा होतो. बंद लाकडी सज्जे, हिरवे, तांबडे, निळे. वरच्या मजल्यावरून दोरीला टोपली बांधून खाली सोडतात आणि पाव वर ओढून घेतात, हे मी स्वतः पाहिलं. सेंट जॉन्स कॅथेड्रल आणि तिथल्या चित्रकार काराव्हाज्जोबद्दल इथली जाणकार मंडळी लिहितीलच.

गडवाट

धागा फार आवडला, वाचनखूण साठवली आहे.

किल्ल्यांच्या अंगाने थोडी भर घालतो. आपल्याकडच्या डोंगरी किल्ल्यांचे गोल बुरूज डोळ्यांत बसलेले असतात, त्यामुळे व्हॅलेटाचे टोकदार, भाल्याच्या पात्यासारखे बुरूज पाहून आधी गोंधळायला होतं. वसईचा किल्ला नीट पाहिलेल्या माणसाला मात्र ओळख पटते. पोर्तुगीजांनी वसईला जे बांधलं ते याच इटालियन पद्धतीचं. तोफा आल्यावर उंच सरळ भिंत कुचकामी ठरली. म्हणून भिंती जाड आणि तिरक्या झाल्या, आणि बुरूज असे कोनात काढले की एका बुरुजाच्या पायथ्याला आलेला शत्रू शेजारच्या बुरुजाच्या माऱ्यात यावा. मग आत शिरायला उरतो तो सुरुंग. चिमाजीअप्पांच्या फौजेने १७३९ मध्ये वसईला तेच केलं, आणि १५६५ मध्ये तुर्कांनीही बिरगूच्या तटाखाली सुरुंग लावले होते. तिथे ते पुरे पडले नाहीत.

सिटी गेटच्या पुलावर सगळे पुढे बघत चालतात. पुलाच्या मधोमध थांबून खाली बघा. तो खंदक खडकात कोरलेला आहे. बुरुजांच्या मागे दोन उंच चौथरे दिसतात, सेंट जेम्स आणि सेंट जॉन कॅव्हेलियर. बुरूज पडला तरी त्याच्या डोक्यावरून मारा चालू राहावा, हे त्यांचं काम. लापारेल्लीला असे नऊ हवे होते, दोनच झाले. एकात आता कलाकेंद्र आहे, दुसऱ्यात त्याच नाइट्सच्या आजच्या संघटनेची वकिलात. ज्यांनी शहर बांधलं त्यांची तिथे आज परदेशी वकिलात असावी, याचं मला फार विशेष वाटतं.

सेंट एल्मोसाठी मात्र निवांत वेळ काढा. तो ताऱ्याच्या आकाराचा छोटा किल्ला १५५२ मधला, व्हॅलेटाच्याही आधीचा. चार-पाच दिवसांत पडेल असा तुर्कांचा हिशेब होता, तो २३ जूनपर्यंत, जवळजवळ महिनाभर लढला. त्या वेढ्यात द्रागुत हा त्यांचा नावाजलेला दर्यासारंगही गेला. एल्मोने खाल्लेला तो महिना नसता तर पुढचं शहर झालंच नसतं.

शुभदा_नाशिक

निळाईताई, किती छान लिहिलंय! आम्ही ऑक्टोबरात जायचं म्हणतोय, बरोबर सासूबाई आणि सासरे. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि दोघंही शाकाहारी आहेत. इतक्या पायऱ्यांच्या गावात राहणं त्यांना झेपेल का? व्हिसाचंही कुणी सांगा.

निळाई

शुभदा, नक्की झेपेल, फक्त घर किंवा हॉटेल वरच्या बाजूला घे, सिटी गेट ते सेंट जॉन्स कॅथेड्रल या पट्ट्यात. तो भाग बराच सपाट आहे. गेट, वास्तुकार रेन्झो पियानोने बांधलेली संसद, कॅथेड्रल, पुरातत्त्व संग्रहालय, कास्टिल चौक, अप्पर बराक्का बाग, सगळं पायऱ्या न चढता होतं. रिपब्लिक स्ट्रीटने सेंट एल्मोकडे उतरत जायचं आणि येताना १३३ नंबरची बस घ्यायची, ती शहराला वळसा घालते. बुकिंग करताना लिफ्ट आहे का ते लेखी विचारून घे. जुन्या घरांचे जिने अरुंद आणि चक्राकार असतात.

अप्पर बराक्काहून खाली बंदराच्या काठाला जायला ५८ मीटर उंचीची लिफ्ट आहे, २०१२ पासून. खाली उतरलं की समोरच पलीकडच्या काठावरच्या 'तीन शहरां'ना (बिरगू त्यातलंच) जाणारी फेरीबोट मिळते. सासूबाईंना बिरगूला होडीनेच ने. 'डायसा' नावाच्या रंगीत होड्या असतात, आपापसांत ठरवून चारजण बसले तर फार महाग नाही. ग्रँड हार्बर पाण्यातूनच पाहण्याची गोष्ट आहे.

बराक्कात दुपारी बारा आणि चारला सलामीची तोफ उडते. गर्दी कठड्याला चिकटून उभी राहते. तुम्ही थोडं आधी जाऊन बाकावर जागा धरा, आवाज तिथेही छातीत बसतो.

व्हिसा शेन्गेनचा. माल्टात मुक्काम सर्वांत जास्त असेल तर अर्ज माल्टाकडेच करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. ऑक्टोबरसाठी आताच भेटीची वेळ शोधायला लाग.

स्लीमाकर

मी इथे नोकरीनिमित्त राहतो, म्हणून थोडा विरोधी सूर लावतो. निळाईताईंचं प्रेम समजू शकतो, पण व्हॅलेटात खोल्या कमी आणि दर चढे. चौघांच्या कुटुंबाला स्लीमात त्याच पैशांत स्वयंपाकघर असलेलं घर मिळतं, आणि ज्येष्ठ शाकाहारी मंडळी बरोबर असतील तर स्वयंपाकघर ही चैन नाही, गरज आहे. स्लीमाहून फेरीने व्हॅलेटा दहा मिनिटांवर आहे. शिवाय ते प्रसिद्ध दृश्य, कार्मेलाइट चर्चचा घुमट आणि शेजारचा अँग्लिकन मनोरा, स्लीमाच्या काठावरूनच दिसतं. आत राहणाऱ्याला ते दिसत नाही.

एक सूचना: स्लीमाची फेरी मारसामशेटच्या बाजूला उतरवते आणि तिथून वर शहरात येणारी चढण खडी आहे. गुडघेदुखी असेल तर फेरी टाळून बसने यावं. जवळजवळ सगळ्या बसमार्गांचं एक टोक व्हॅलेटाच असतं. गेटबाहेर ट्रायटन कारंज्याभोवती सगळे थांबे आहेत. तिकीट दोन तास चालतं, त्यात बस बदलता येते. उन्हाळ्यात दुपारच्या बस भरून येतात आणि मधल्या थांब्यावर थांबत नाहीत, तेव्हा चढायचं ते व्हॅलेटाहूनच. वाहतूक आपल्यासारखी डावीकडून, आणि विजेचे प्लग ब्रिटिश चौकोनी तीन पिनांचे, त्याचा अडॅप्टर आणा.

नळाचं पाणी पिण्यालायक आहे, पण खारट लागतं. निम्म्याहून जास्त पाणी समुद्राचं गोडं केलेलं असतं. घरोघरी टाक्यांचा नियम काढणाऱ्यांना पुढचं चांगलं दिसत होतं, हे निळाईताईंचं वाचून पुन्हा जाणवलं.

निळाई

स्लीमाकर, स्वयंपाकघराचा मुद्दा मान्य. ज्यांना परवडत नाही त्यांनी स्लीमात राहावं, पण मग एक संध्याकाळ आणि एक सकाळ तरी व्हॅलेटासाठी राखावी. सकाळी साडेसातला रिपब्लिक स्ट्रीट धुतलेला असतो, कॅफेवाले खुर्च्या मांडत असतात, म्हातारी माणसं चर्चमधल्या मासला, म्हणजे प्रार्थनेला, निघालेली असतात. तिथे आता पाच-सहा हजारच लोक राहतात. ज्या शहरात माणसं इतकी कमी उरलीत त्यांच्या रोजच्या जगण्याची वेळ आपण पाहिली नाही तर मग आपण दगडच पाहून परत येतो, असं मला मनापासून वाटतं.

रंगरेषा

काराव्हाज्जोबद्दल लिहायचं निमंत्रण मिळालंय तर लिहितोच.

सेंट जॉन्स को-कॅथेड्रल बाहेरून कोरडं, लष्करी कोठारासारखं दिसतं. आत पाऊल टाकलं की डोळे दिपतात. भिंतींवरचं कोरीवकाम वेगळं करून लावलेलं नाही, भिंतीच्या दगडातच कोरून त्यावर सोनं चढवलंय. छतावर मात्तिया प्रेतीने १६६० च्या दशकात दगडावर थेट तैलरंगांनी सेंट जॉनचं चरित्र रंगवलं. कमानींच्या कडेच्या आकृतींना त्याने अशा सावल्या दिल्यात की त्या पुतळे वाटतात, जवळ गेल्यावर कळतं की सपाट रंग आहे. प्रेती पुढे माल्टातच राहिला, १६९९ मध्ये वारला आणि त्याच चर्चमध्ये पुरला गेला. पायाखाली सुमारे ४०० नाइट्सच्या थडग्यांच्या रंगीत संगमरवरी शिळा आहेत. त्यांवर सांगाडे, वाळूची घड्याळं, बिगुल. बारीक टाचांची पादत्राणं घालून आत सोडत नाहीत, ते या शिळांसाठी. खांदे झाकलेले हवेत. रविवारी पर्यटकांना बंद असतं, त्याप्रमाणे दिवस ठरवा. तिकिटात कानाला लावायचं माहितीयंत्र मिळतं, ते घ्याच.

आता ऑरेटरी, म्हणजे याच चर्चमधली प्रार्थनेची खोली. १६०६ मध्ये रोममध्ये एका माणसाला ठार मारून काराव्हाज्जो फरार झाला होता. १६०७ मध्ये तो माल्टाला आला. नाइट झालो तर माफी मिळेल ही आशा होती. १६०८ च्या जुलैत त्याला नाइट केलं, आणि त्याच वर्षी त्याने 'सेंट जॉनचा शिरच्छेद' रंगवलं, याच खोलीसाठी, याच भिंतीसाठी. ते आजही तिथेच आहे. साधारण पाच मीटर रुंद, साडेतीन मीटर उंच. त्याच्या चित्रांत सर्वांत मोठं.

चित्राचा उजवा अर्धा भाग जवळजवळ रिकामा आहे, हे आधी पाहा. तुरुंगाची भिंत, एक दोर, आणि गजांआडून मान ताणून बघणारे दोन कैदी. सगळी माणसं डावीकडे दाटलीत. तलवारीचं काम झालंय पण मान पूर्ण तुटलेली नाही, म्हणून मारेकरी पाठीमागे हात नेऊन कट्यार उपसतोय. मुलगी तबक पुढे करून वाकलीय. फक्त एक म्हातारी डोकं धरून उभी आहे, तिथे दुःख झालेलं ते तिलाच. आणि जमिनीवर सांडलेल्या रक्तात चित्रकाराने स्वतःचं नाव लिहिलंय. त्याची सही असलेलं हे एकमेव ज्ञात चित्र आहे.

काही आठवड्यांतच तो एका मारामारीत अडकला, सेंट अँजेलो किल्ल्यात कैद झाला, तिथून निसटून सिसिलीला पळाला. डिसेंबरमध्ये नाइट्सनी त्याला संघटनेतून काढून टाकलं. खोलीत बसायला बाक आहेत. गटागटाने लोक येतात, फोटो काढतात आणि जातात. दोन गटांच्या मध्ये काही मिनिटं खोली मोकळी मिळते, तेवढ्यासाठी बसून राहा. तिथेच त्याचा 'सेंट जेरोम' पण आहे. तो १९८४ मध्ये चोरीला गेला होता आणि काही वर्षांनी परत मिळाला.

जुनेदप्तर

सर्वांचे प्रतिसाद वाचले. एक दुवा कुणी सांगितलेला नाही, तो नोंदवतो.

१८७८ मध्ये रशिया आणि तुर्कस्तान यांच्या भांडणात ब्रिटन उतरेल अशी चिन्हे होती. तेव्हा पंतप्रधान डिझरायलीने हिंदुस्थानातून सुमारे सात हजारांची फौज माल्टाला आणवली. युरोपात हिंदी फौज आणण्याचा तो पहिलाच प्रसंग होता, आणि त्यावरून ब्रिटिश संसदेत मोठा वाद झाला. ही जहाजे मुंबईहून निघाली. फौजेत मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या आणि बॉम्बे सॅपर्सही (लष्करातले अभियंते) होते, ज्यांचे केंद्र आजही आपल्या खडकीला आहे. लढाई झाली नाही, काही तुकड्या पुढे सायप्रसला गेल्या. परंतु दख्खन-कोकणातली माणसे त्या उन्हाळ्यात याच तटाखाली तळ देऊन होती, हे मला तिथे फिरताना सतत आठवत होते.

पहिल्या महायुद्धात माल्टा म्हणजे जखमी सैनिकांचे मोठे इस्पितळ झाले होते. व्हॅलेटापासून जवळ पिएता येथे लष्करी स्मशानभूमी आहे. माल्टात दहन झालेल्या हिंदी सैनिकांचे स्मरण तिथे कोरलेले आहे. फार कमी भारतीय तिथे जातात. बसने थोडाच वेळ लागतो. फुले घेऊन जावे, अशी माझी विनंती आहे. त्याच काळात १९१७ ते १९२० देवबंदचे मौलाना महमूद हसन यांना ब्रिटिशांनी माल्टातच कैदेत ठेवले होते.

सुएझ कालवा झाल्यावर मुंबई-इंग्लंड बोटी माल्टाला थांबत. ब्रिटिश काळात सिंधी व्यापाऱ्यांनी व्हॅलेटात रेशमाची आणि शोभेच्या वस्तूंची दुकाने काढली. त्यांचे वंशज आजही माल्टात आहेत, त्यांची मुले माल्टीज भाषा घरच्यासारखी बोलतात.

शुभदा_नाशिक

जुनेदप्तर काका, अंगावर काटा आला. माझे सासरे खडकीहूनच निवृत्त झाले आहेत, फौजेतून. पिएता आमच्या यादीत पहिलं. त्यांना अजून सांगितलेलं नाही, तिथे गेल्यावरच सांगेन.

दर्यावर्दी

जहाजावर नोकरी असल्याने ग्रँड हार्बरमध्ये पाण्याच्या बाजूने शिरलोय. पहाटे बंदराच्या तोंडाशी आलं की डावीकडे रिकासोली, उजवीकडे एल्मो, मग पिवळे तट अंगावर येतात. विमानाने येणाऱ्यांना हे मिळत नाही. सिसिलीच्या पोत्सालोहून जलद फेरी येते, दोनेक तासांची. सिसिली जोडून करणार असाल तर तिने या.

या बंदरासाठीच दुसऱ्या महायुद्धात बेट भाजून निघालं. १९४२ च्या एप्रिलमध्ये सर्वांत वाईट बॉम्बफेक झाली. ७ एप्रिलला व्हॅलेटाचं ऑपेरा हाउस उद्ध्वस्त झालं. त्याचे खांब गेटच्या आत उजव्या हाताला उभे आहेत. रेन्झो पियानोने ते पुन्हा बांधलं नाही. अवशेषांच्या मध्ये उघडं नाट्यगृह केलं, २०१३ मध्ये. अनेक माल्टीज लोकांना जुनी इमारत परत हवी होती आणि अजूनही ते त्यावर तावातावाने बोलतात. मला स्वतःला हे उघडं ठेवणं योग्य वाटतं.

१५ एप्रिल १९४२ ला राजा सहाव्या जॉर्जने सबंध बेटाला जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक दिलं. ते त्यांच्या झेंड्यावर आहे. पदक पोट भरत नाही. ऑगस्टपर्यंत अन्न आणि इंधन संपत आलं होतं. ऑपरेशन पेडेस्टल या रसद पोचवण्याच्या मोहिमेत चौदा मालवाहू जहाजं निघाली, पाच पोचली. शेवटचं ओहायो हे तेलवाहू जहाज, बॉम्बनी फाटलेलं, दोन्ही बाजूंना युद्धनौका बांधून तरंगत ठेवलेलं, १५ ऑगस्टला बंदरात ओढत आणलं. त्या दिवशी मेरीचा सण, सांता मारिया. माल्टीज माणसं आजही त्या ताफ्याला सांता मारियाचा ताफा म्हणतात. लोअर बराक्का बागेजवळ महायुद्धातल्या या वेढ्याची स्मारक घंटा आहे, १९९२ ची. तिच्याखाली समुद्राकडे तोंड करून आडवा झालेला एक ब्राँझचा सैनिक आहे, समुद्रात गेलेल्यांसाठी. मी तिथे दर वेळी जातो. आमच्या धंद्यातली माणसं आहेत ती.

केतकीवन

सुंदर धागा. शाकाहाराचं कुणी सविस्तर सांगा ना.

स्लीमाकर

सांगतो. पस्तित्सी हा इथला रोजचा खाऊ, पापुद्र्यांचा, आत रिकोटा चीज किंवा वाटाण्याचं सारण. दिसायला शाकाहारी, पण पारंपरिक पद्धतीत पापुद्र्यांना डुकराची चरबी लावतात. काही ठिकाणी मार्गरीन असतं. कटाक्षाने पाळणाऱ्यांनी विचारूनच घ्यावं, दुकानदार स्पष्ट सांगतात. बिजिल्ला निर्धास्त खा: वाळलेल्या घेवड्यासारख्या दाण्यांची लसूण घालून केलेली घट्ट चटणी. फ्तीरा हा चपटा गोल पाव, २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला. त्यात सहसा ट्यूना घालतात, तो नको म्हणायचं. टोमॅटो, केपर्स, ऑलिव्ह, ऑलिव्ह तेल एवढ्यावरही तो चविष्ट लागतो. गेटबाहेर बसथांब्यापाशी गरम इमआरेत तळतात, खजुराचं सारण आणि बडीशेपेसारखा वास. सासूबाईंना नक्की आवडतील. चीज खाणार असाल तर छोटी गोल जबेना चाखा, मात्र तिच्यात रेनेट (दूध फाडायला वापरतात ते जनावराच्या जठरातलं द्रव्य) असतं. भारतीय हॉटेलं भरपूर आहेत, इथे आपल्याकडची पुष्कळ माणसं कामाला आहेत.

ऑक्टोबर चांगला निवडलात. समुद्र अजून कोमट असतो. एखाद दिवशी आफ्रिकेकडून दमट शिलोक वारा येतो, अंग चिकट होतं, दगड ओलसर आणि गुळगुळीत होतात. रबरी तळाचे बूट घाला.

गडवाट

हायपोजियमबद्दल कुणीच लिहिलं नाही?

निळाई

मीच राहिले लिहायची. हाल साफ्लिएनीचं हायपोजियम पाओला गावात आहे, व्हॅलेटाहून बसने थोडं अंतर. पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी खडकात कोरलेलं भूमिगत दफनस्थान. आतली हवा आणि भिंतींवरचे गेरूचे रंग टिकावेत म्हणून तासाला दहाच माणसं सोडतात, म्हणून तिकिटं काही महिने आधी संपतात. विमानाचं तिकीट काढायच्या आधी हे काढा. न मिळालं तर रिपब्लिक स्ट्रीटवरच्या पुरातत्त्व संग्रहालयात जा. हायपोजियममध्ये सापडलेली मातीची निजलेली बाई तिथे आहे, तळहातात मावेल एवढी, कुशीवर झोपलेली. तिच्यासाठी वेगळी अंधारी खोली आहे. आणि वेगळी एक सकाळ काढून हजर ईम आणि मनायद्रा पाहा, समुद्राच्या कड्यावरची दगडी मंदिरं, पिरॅमिडांहून जुनी. सकाळी लवकरच जा.

शुभदा, तुमच्यासाठी क्रम असा सुचवते: पहिल्या दिवशी फक्त बराक्का आणि संध्याकाळ, दुसऱ्या दिवशी कॅथेड्रल उघडताच आत आणि दुपारी विश्रांती, तिसऱ्या दिवशी पिएता आणि बिरगू. इमदिनाला जुनी राजधानी म्हणून चौथी दुपार. गोझोला व्हॅलेटाहूनच जलद फेरी आहे, पाऊण तासाची, पण वारा असेल तर ती बंद ठेवतात. तेव्हा तो दिवस आधी पक्का करू नका, हवा पाहून आदल्या रात्री ठरवा.

शुभदा_नाशिक

ठरलं ताई. तीन रात्री व्हॅलेटात, गेटजवळ, लिफ्ट असलेलं घर शोधतेय. पुढचे दोन दिवस स्लीमात, स्वयंपाकघरासह. स्लीमाकर, वाटाण्याच्या पस्तित्सी मार्गरीनमध्ये करणारं दुकान व्हॅलेटात कुठे आहे ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?

स्लीमाकर

केला आहे, पाहा. सकाळी अकराच्या आत जा, नंतर गरम मिळत नाहीत.